चंद्रावतीच्या राखीव पोरी

कबड्डीच्या संघात सात खेळतात आणि पाच बाजूला बसतात. आमच्या गावात ह्या पाच म्हणजे उरलेल्या, असंच सगळे धरून चालत. कुणाची भाची, कुणाच्या आळीची पोर, कुणाचं तोंड बंद करायला घेतलेली. चंद्रावती म्हात्रे मात्र आधी ह्या पाच निवडायची आणि मग सात.

पेणच्या खाडीकाठचं आमचं गाव. चंद्रावती दिवसभर मिठागरात राबायची आणि संध्याकाळी कापणी झालेल्या खाचरात ढेकळं फोडून केलेल्या मैदानावर पोरींना शिकवायची. लग्नाआधी ती स्वतः डाव्या कोपऱ्यात खेळायची. तिचा हात घोट्यावर पडला की चढाई करणारी सुटत नसे. लग्न झालं, सासू म्हणाली, "पुरे झाला पोरखेळ," आणि तिचा खेळ संपला. पुढे सासू गेल्यावर ती मैदानात परतली ती शिकवायलाच.

"सात काय, कुणीपण निवडंल," ती म्हणायची. "डोकं हाय त्यानं पाच निवडून दाखवावं." प्रत्येक पोरीला ती एक अख्खा डाव नुसतं बसवायची. जी वेणीशी चाळा करी, ती बाद. समोर पकड चालली असताना जिचे हात बसल्या जागी पुढं येत, ती राखीव. त्यातली एक तरी निव्वळ पकड करणारी हवीच, हा तिचा हट्ट. शेवटी दोन गुण पुढं असलो की ती चढाईतली पोर बाहेर काढायची आणि ही आत घालायची. आम्ही मंडळाची पुरुषमंडळी रेषेबाहेरून बोंबलायचो, ती ढुंकून बघायची नाही.

ब्याण्णव सालच्या माघात काळुरामच्या हौसाचं लग्न ठरलं होतं, रोह्याजवळच्या एका गावात. हौसा म्हणजे आमची सगळ्यांत पक्की पकड. आणि नेमके माघी गणपतीचे सामने त्याच गावात! काळुराम चंद्रावतीला म्हणाला, "लग्न तोंडावर आलंय. पोर लंगडत मांडवात गेली तर लोक काय म्हणतील? पायजे तर बसव, पण उतरवायची नाय." चंद्रावतीनं शब्द दिला. हौसाला बाराव्या जागेवर बसवली. एक जागा फुकट घालवली म्हणून आम्ही पेण ते रोहा टेम्पोत तिचं डोकं खाल्लं.

अंतिम सामना यजमान गावाशीच पडला. त्यांची मुख्य चढाईपटू सुगंधा, म्हणजे हौसाची होणारी नणंद. उंच, काटक, आणि डाव्या कोपऱ्यावर लाथ टाकण्यात पटाईत. आम्ही एका गुणानं पुढं होतो. एकच चढाई उरली होती, तीही सुगंधाची, आणि तेवढ्यात आमच्या डाव्या कोपऱ्यातल्या पोरीचा गुडघा आखडला. तिला उचलून बाहेर आणली.

चंद्रावतीनं बाकीच्या चौघींकडं बघितलं. तीन चढाईवाल्या, एक उजव्या कोपऱ्याची. मग हौसाकडं बघितलं. पोर मांडीखाली हात दाबून बसली होती. चंद्रावती सरळ गर्दीत काळुरामपुढं जाऊन उभी राहिली.

"काळूदादा, मी शब्द मोडते. काय वाईट झालं तर माझ्या दारात येऊन बोल."

"अगो, सासरची मानसं बसल्यात समोर!"

"तीच तर बघू देत," ती म्हणाली आणि वळली. "काय गो हौसा, उतरशील?"

"उतरंन, काकी."

पंचांनी अडवलं. हौसाच्या हातात साखरपुड्याला सासरनं भरलेला हिरवा चुडा होता. "बांगड्या काढा, नाहीतर बसा." चुडा घट्ट बसलेला. ओढला तर फुटणार, आणि सासरचा चुडा लग्नाआधी सासरच्याच गावात फुटला तर पुढचं सांगायलाच नको. हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात समोरून एक जाडजूड बाई पदर खोचून तरातरा आली. ती हौसाची होणारी सासू, गोदूबाई. आता भर मैदानात लग्न मोडतंय, असं म्हणून मी डोळेच मिटले. तिनं मात्र साबण आणि पाण्याची कळशी मागवली. खाली बसून हौसाचा हात मांडीवर घेतला, अंगठा आत दाबला आणि एकेक बांगडी अलगद उतरवली. एकही फुटली नाही. मग पदरानं तिचे हात कोरडे केले आणि म्हणाली, "जा. धरायची तर नीट धर माझ्या पोरीला. अर्धीमुर्धी धरलीस नि तिचा पाय मुरगळला, तर बघ!"

काळुराम उतरवलेल्या बांगड्या एकेक मोजत बसला.

सुगंधा आली ती हसतच आली. दोनदा हूल दिली, तिसऱ्यांदा डाव्या कोपऱ्यावर पाय टाकला. हौसा वाकली आणि दोन्ही हातांनी घोटा धरला. सुगंधा मध्यरेषेकडं झेपावली, वीतभर कमी पडली, आणि शिट्टी वाजली. जिंकलो! आम्ही टोप्या उडवल्या. सुगंधा धूळ झटकत उठली आणि आईला म्हणाली, "आये, हिला चुलीपुढं बसवायची नाय. हिला कोपऱ्यात उभी करायची."

बोलली तसं त्यांनी केलंही. पुढच्या माघात पुन्हा त्यांच्याशी गाठ पडली. त्यांच्या डाव्या कोपऱ्यात नवी सून उभी! आमच्या चांगल्या चांगल्या पोरी तिनं आडव्या केल्या. आम्ही सपाटून हरलो. मंडळाचे लोक चंद्रावतीवर तुटून पडले, त्यात मीही होतो. "तूच तिला शिकवलीस, तूच उतरवलीस, आता भोग!"

तेवढ्यात हौसा धावत येऊन तिच्या पाया पडायला वाकली, तशी चंद्रावतीनं तिला वरच्यावर धरली आणि एवढी बाप्यासारखी कणखर बाई सगळ्यांसमोर हमसून हमसून रडायला लागली.

"लगीन झालं तरी खेळतेस गो," ती म्हणत होती. "लगीन झालं तरी खेळतेस."