परण्याची घोडी

भाच्याच्या लग्नातलं सगळं त्याच्या चुलत्यानं ठरवलं. मांडव घरापुढंच, आचारी ओळखीचा, बँड बीडचा, नवरी कडा गावची. माझ्या बहिणीनं, म्हणजे नवरदेवाच्या आईनं, कशातच तोंड घातलं नाही. एकच गोष्ट तिनं मागून घेतली, घोडी मी बघणार. तिच्या जावेनं सांगून पाहिलं की घोडीत काय बघायचंय, एक फोन केला की दारात येऊन उभी राहते. आक्का हो म्हणाली आणि मला गेवराईला फोन करून रविवारी ये म्हणाली.

मला घोड्यातलं काय कळतं? मी मॅचिंग सेंटर चालवते. अस्तर, फॉल, पिको, ब्लाउजपीस यांच्यापलीकडं माझी नजर जात नाही. पण आक्काला घोडीतलं जाणकार माणूस नको होतं, सोबत हवी होती. आणि मला तिच्याशी भांडायचंच होतं. फोनवर तीन महिने भांडून झालं होतं, आता समोरासमोर भांडायचं होतं.

भांडण परण्यावरून होतं. लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. निघताना आई त्याला ओवाळते, घोडीच्या पायांवर पाणी घालते. दाजी गेल्या वर्षी गेले. मुलाच्या परण्याच्या वेळी आपण आतल्या घरात बसायचं, ओवाळायचं काम जावेनं करायचं, असं आक्कानं मनाशी ठरवून टाकलं होतं. तिला कुणी तसं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मी त्या माणसाच्या दारात जाऊन त्याच्या सात पिढ्यांची उजळणी केली असती. पण कुणीच काही बोललं नव्हतं. हिनंच आपलं आपण, अगदी समजूतदारपणे ठरवलेलं. आणि आक्काशी भांडणं म्हणजे उशीला गुद्दे मारणं. ती सगळं ऐकून घेते, खरंय म्हणते, आणि तिला करायचं तेच करते. लहानपणापासून हे असंच आहे. माझा जीव आहे तिच्यावर, म्हणून तर इतका राग येतो.

चौसाळ्याला उतरले तर ती स्टँडवर पिशवी धरून उभी. पिशवीत घोडीसाठी गूळ. म्हटलं, बघायचा कार्यक्रम घोडीचा आहे का सुनेचा? आक्का हसली. वर्षभरात ती अशी फारशी हसली नव्हती, म्हणून मी रस्ताभर भांडण काढलंच नाही.

ॲपे रिक्षानं आम्हाला डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीवर सोडलं. निम्म्या घरांना कुलपं होती, माणसं ऊसतोडीला गेलेली. ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. घोडीवाल्याचं घर शेवटचं. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्याकडं दोन जनावरं, एक पांढरी घोडी परण्याची आणि एक म्हातारा तांबडा घोडा, जो नेमका कशासाठी ठेवलाय ते त्यालाही सांगता येईना. चार महिने लग्नं नसतात तेव्हा हायवेवरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो डोंगरावरच्या मारुतीपर्यंत घोड्यावरून फिरवून आणतो. रस्त्याला तशी पाटीही लावलेली, तिच्यावर घोड्याचं चित्र त्यानं स्वतःच काढलेलं असावं, कारण ते शेळीसारखं दिसत होतं.

घोडी मात्र बघत राहावं अशी होती. आक्का तिच्याकडं बघत राहिली, पण चार हात लांबूनच. गूळ तिनं माझ्या हातात दिला, तूच खाऊ घाल म्हणाली. मी भीत भीत हात पुढं केला, घोडीनं ओठांनी गूळ उचलला आणि माझी ओढणीही तोंडात घेऊन बघितली.

बोलणं ठरलं, तारीख पक्की झाली. मग घोडीवाला म्हणाला की घोडी बरेच दिवस रिकामी आहे, तिला माणूस घेऊन चालायची सवय परत लावायचीच आहे, तर एक फेरी मारून बघा, चाल कशी आहे ते तुमचं तुम्हाला कळेल. मी एका पायावर तयार. पन्नाशी आली तरी घोड्यावर बसले नव्हते. बाईच्या जातीला घोड्यावर बसायचा योग कुठून यायचा! पण मी घोडीकडं निघाले तर तो म्हणाला, ताई, तुम्ही तांबड्यावर. का, ते त्यानं सांगितलं नाही, पण त्याची नजर एकदा माझ्यावरून वरपासून खालपर्यंत फिरली आणि मला समजलं. म्हणजे घोडीवर आक्का.

आक्का दोन पावलं मागं सरली.

"माज्या लेकाची घोडी हाय ती," ती म्हणाली. "माजा हात कशाला लावू तिला?"

इतक्या सरळ आवाजात म्हणाली, जणू हात ओले आहेत म्हणून पुस्तक नको असं सांगावं. तोंड उघडलं तर रडू येईल का शिवी, हे मलाच कळेना.

बोलली ती घोडीवाल्याची आई. इतका वेळ ती ओट्यावर बसून घोडीच्या गळ्यातल्या माळेला नवे गोंडे बांधत होती. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. तिनं मान वर केली नाही.

"तिला नटवती ती मीच," ती म्हणाली. "मालक जाऊन लई वर्सं झाली. आजवर एकबी नवरदेव तक्रार घिऊन आला न्हाई."

आणि दातानं दोरा तोडला. घोडीवाला खाली बघून हसला. आक्का त्या म्हातारीकडं, तिच्या हातांकडं, गोंड्यांकडं बघत राहिली. म्हातारी उठली, आक्काजवळ आली, विचारलंबिचारलं काही नाही, सरळ तिच्या साडीचा मागचा काठ ओढून काष्टा मारून दिला आणि ओट्याच्या कडेला उभं केलं. घोडीवाल्यानं घोडी ओट्याला भिडवली. लेकराला बैलगाडीत बसवावं तसं मायलेकांनी आक्काला खोगिरावर बसवलं. ती नको म्हणाली असेल तर ते मला ऐकू आलं नाही.

मला चढवायला मात्र जास्त वेळ लागला. रिकिबीत पाय घालून दुसरा पाय पलीकडं टाकायचा, एवढंच काम, पण माझा पाय घोड्याच्या पाठीपर्यंत जाऊन परत यायचा. तिसऱ्या वेळी म्हातारीनं मागून असा रेटा दिला की मी दुसऱ्या बाजूनं उतरतेय की काय असं झालं. तांबड्यानं फक्त एक मोठा उसासा टाकला.

घोडीवाला घोडीचा लगाम धरून पुढं चालला. माझा लगाम कुणीच धरला नाही. विचारलं तर म्हणाला, तो तिच्या मागं येतो. खरंच आला, पण स्वतःच्या सवडीनं. वाटेत जे हिरवं दिसेल तिथं थांबून खायचा, मी लगाम ओढला की ऐकू न आल्यासारखं करायचा, आणि घोडी लांब गेली की एकदम धावत सुटायचा. त्या धावण्यात माझी सगळी हाडं एकमेकांना भेटली. घोडीवाला मागं न बघता सांगत होता, टाचा खाली ठेवा, पाठ ताठ ठेवा, खोगिराला धरू नका. मी खोगिराला दोन्ही हातांनी धरून हो हो म्हणत होते.

आक्का मात्र ताठ बसली होती. पहिल्या चढाला तिनं डोळे मिटले असावेत, कारण मान खाली होती. पुढं तुरीच्या रानातून वाट गेली तेव्हा मान वर आली. मग तिचा एक हात खोगिरावरून सुटला आणि घोडीच्या मानेवर गेला. आधी नुसताच टेकला, नंतर आयाळीवरून फिरायला लागला. ती घोडीशी काहीतरी बोलत होती. दोन बायका तुरीत खुरपत होत्या, त्या उभ्या राहून बघायला लागल्या. एकीनं विचारलं, कुणाचा परण्या गं? मी मागून ओरडले, माझा. त्या हसल्या आणि आक्काही हसली, पदर तोंडावर न घेता.

मारुतीचं देऊळ म्हणजे एक चौथरा, लिंबाचं झाड आणि घंटा. घोडी तिथं जाऊन आपोआप थांबली, मान खाली घातली. घोडीवाला म्हणाला की आता ही घंटा वाजल्याशिवाय हलायची नाही, परण्याची सवय आहे, वाजवून येतो. तो चौथऱ्यावर चढला. माझा तांबडा लिंबाखालचं गवत खायला लागला. खाली सगळं दिसत होतं, वस्ती, ज्वारी, लांबवर हायवेवरचे ट्रक. माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या आणि कंबर दुसऱ्या कुणाची तरी वाटत होती. तरी मला फार बरं वाटत होतं.

देवळापुढं पाच-सात माणसं होती. कुणाचा तरी नवस होता, नारळ फोडून बसलेली. घोडी आली म्हणून सगळे आक्काकडं तोंड वर करून बघत होते. आक्का एकेकाकडं बघत होती, डावीकडून उजवीकडं, सावकाश. बायकांकडं जास्त वेळ. घंटा वाजली, घोडी वळली, तरी ती मान मागं करून बघतच होती. उतार लागल्यावर तिनं घोडीवाल्याला थांबायला सांगितलं आणि मी जवळ येईपर्यंत वाट बघितली. तिचे डोळे भरले होते.

"वरून समद्यांची तोंडं दिसत्यात गं," ती म्हणाली. "त्यो मला हुडकील."

तीन महिने मी तिला रूढी, कायदा, जमाना, गावोगावच्या ग्रामपंचायतींचे विधवाप्रथा बंद करणारे ठराव असं काय काय ऐकवलं होतं. त्यातलं एक अक्षर तिच्या कानात गेलं नव्हतं. आता ती मुलाच्या जागेवर बसली होती आणि समोरच्या गर्दीत आई नव्हती. मी हात लांब करून तिच्या दंडाला धरायला गेले, तेवढ्यात तांबड्याला घर आठवलं आणि तो सुटला. पुढचं बोलणं मी वस्तीवर पोचल्यावर, म्हातारीनं मला खाली ओढून काढल्यावर केलं, आणि तेही एवढंच की आक्का, मला पाणी दे.

परतताना तिनं हो किंवा नाही काहीच सांगितलं नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि मला हिंमत न होणं हे आमच्या घरात क्वचित घडतं. चार दिवस मला पाय जवळ घेऊन चालता येत नव्हतं. गिऱ्हाईकं विचारायची, पडलात का? घोड्यावर बसले होते असं सांगितलं की कुणाला पटायचं नाही.

लग्नाच्या दिवशी मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. मांडवात माणूस मावत नव्हतं. घोडी दारात आणली, गळ्यात त्या म्हातारीनं बांधलेली गोंड्यांची माळ. भाचा मुंडावळ्या बांधून वर बसला, पोरांनी फोटो काढले, बँडवाल्यानं दोन सूर वाजवून बघितले. आक्का कुठं दिसेना. तिची जाऊ ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आली. वाईट बाई नाही ती, तिला सांगितलं होतं तेच करत होती. मी ओढणी कमरेला खोचली.

आणि मी भाच्याकडं बघितलं. त्याचं लक्ष ताटाकडं नव्हतं, कॅमेऱ्याकडं नव्हतं. मुंडावळ्या बाजूला करून तो गर्दीवरून नजर फिरवत होता, डावीकडून उजवीकडं. एकदा फिरवली, परत फिरवली. आईनं आत बसायचं ठरवलंय हे त्याला माहीत होतं. तरी शोधत होता.

आक्का घरातून बाहेर आली. दाजींनी शेवटच्या दिवाळीला घेतलेली मोरपंखी साडी, घडी न मोडलेली, आज मोडली होती. हातात पाण्याचा तांब्या. माणसं आपोआप बाजूला झाली. कुणी काही म्हणेल का म्हणून मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघून घेतलं. एक म्हातारी कुजबुजली, तेवढंच. आक्का जावेपुढं उभी राहिली, तांब्या माझ्याकडं दिला आणि दोन्ही हात पुढं केले.

"ताट हिकडं दे," ती म्हणाली. "लेक माजा हाय."

जावेनं ताट दिलं. देताना तिचेच डोळे भरून आले, आणि मी तिच्याबद्दल वर्षभर मनात जे जे बोलले होते ते गिळलं. आक्कानं ओवाळलं. हात पुरेना म्हणून भाचा घोडीवरून इतका वाकला की घोडीवाल्यानं त्याचा कमरपट्टा धरला. मग तिनं माझ्याकडून तांब्या घेतला, घोडीच्या चारी पायांवर पाणी घातलं आणि तिच्या मानेवरून हात फिरवला. भाचा खालीच बघत होता, ओठ आवळून. आक्कानं त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

"आता फुडं बघ," ती म्हणाली. "मी हितंच हाय."