पाहुण्याला शिक्का नाही

“हात दाखवा.”

हेच वाक्य ज्योतिषाने म्हटलं तर माणूस खुशीत तळवा पुढे करतो. आमच्या ग्रंथालयात मात्र ते ऐकलं की भलेभले खजील व्हायचे. दुर्मिळ ग्रंथांच्या कपाटातलं पुस्तक हवं असेल तर आधी दोन्ही हात टेबलावर ठेवायचे, मग उलटे करायचे, मग बोटं फाकवायची. डहाणूत जिकडेतिकडे चिकूच्या वाड्या. वाडीतून थेट आलेल्याच्या बोटांना चीक असायचाच, आणि तसलं बोट पानाला लागलं की पान काही वाचत नाही, असं आमच्या सहायक ग्रंथपालांचं म्हणणं. आमच्या विद्यापीठ उपकेंद्राचे नवे संचालक रुजू झाले त्या दिवशी मोठ्या कौतुकाने कपाट बघायला आले. त्यांनाही “साहेब, हात दाखवा” झालंच. बोटांना नाश्त्याच्या भज्यांचं तेल निघालं. साहेब निमूटपणे नळावर गेले.

मी २०१४ साली विद्यापीठाच्या या उपकेंद्रात देवघेव काउंटरवर लागले, तेव्हा ते तिथे सहायक ग्रंथपाल होते. ग्रंथालयात आम्ही दोघंच. त्यांचं घर मराठी, पण सगळा जन्म डहाणू रोडच्या गुजराती शेजारात गेलेला, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून “बेन” म्हणायचे. आधी मला राग यायचा. पुढे कुणी “मॅडम” म्हटलं की चुकल्यासारखं वाटायला लागलं.

तुम्हाला वाटेल, विद्यापीठ आहे म्हणजे जुनी पुस्तकं विकत घेत असेल. आमची खरेदीची फाइल मुख्यालयात जायची आणि तिकडेच संसार थाटायची. म्हणून त्यांनी आपली वेगळी वाट काढली होती. ज्या घरात जुनं पुस्तक असेल तिथे जाऊन ते पुस्तक मागायचेच नाहीत. खिशातून वाचकाचं कार्ड काढायचे. त्यावर वाचक म्हणून आमच्या ग्रंथालयाचं नाव आणि ग्रंथालय म्हणून त्या घराचं.

“तुम्ही ग्रंथालय, आम्ही वाचक. पंधरा दिवसांसाठी द्या.”

घरातली माणसं हसायची आणि पुस्तक द्यायची. पंधरा दिवसांनी हे स्कूटर घेऊन पुन्हा दारात, मुदत वाढवून घ्यायला. असं वर्षानुवर्षं, एक शनिवार सोडून एक. उशीर झाला तर दंडही भोगायचे. समुद्रकाठच्या एका वाडीवाल्या आजोबांनी दोन दिवसांच्या उशिरापोटी त्यांना दोन तास आपल्या गुडघेदुखीची हकीकत ऐकवली होती.

अशी एकोणीस पुस्तकं कपाटात होती, आणि एकावरही आमचा शिक्का नव्हता. मी वैतागून म्हणायचे, “मारून टाका ना एकदाचा.” त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं.

“बेन, पुस्तक पाहुणं आहे. पाहुण्याला शिक्का मारतात का?”

या एकोणिसांत त्यांचा जीव एकाच पुस्तकावर होता. ते रानशेतच्या एका पाड्यावरून आलेलं. शिळाछापाचं, औषधी झाडपाल्याचं, एका पानावर मराठी आणि समोरच्या पानावर गुजराती. दुसरी प्रत त्यांनी कुठल्या ग्रंथालयाच्या यादीत पाहिली नव्हती. ज्या घरातलं ते होतं, त्या घरचे आजोबा गावात शाळामास्तर होते. मागच्या कोऱ्या पानांवर त्यांनी घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं नाव आणि दिवस लिहून ठेवला होता. ते गेल्यावर घरातलं जे कुणी लिहिणारं असेल ते लिहीत आलं. आता घर चालवत होत्या त्यांच्या सूनबाई. सगळा पाडा त्यांना काकी म्हणायचा, म्हणून आम्हीही काकीच म्हणायचो. काकींना स्वतःला लिहिता येत नव्हतं. पुस्तक देताना त्यांनी एकच अट घातली.

“घरात पोर झालं का पुस्तक घरी आणायचं. नाव लिवायचं हाय.”

ती अट काय चीज आहे हे मला दीड वर्षाने कळलं. मुंबईहून एक संशोधक बाई आल्या होत्या. हात दाखवून, हात धुऊन, पुन्हा दाखवून त्या पुस्तक उघडून बसल्या होत्या. तेवढ्यात फोन आला. यांनी रिसीव्हर ठेवला, सरळ टेबलापाशी गेले आणि बाईंच्या हाताखालून पुस्तक अलगद काढून घेतलं.

“माफ करा हां, बेन. पुस्तकाच्या घरी मुलगी झाली. परवा या.”

आणि पुस्तक पंच्यात गुंडाळून स्कूटरवरून गेलेसुद्धा. बाईंना समजावता समजावता माझ्या नाकीनऊ आले. त्या दिवशी पाड्यावर सगळे कामावर गेलेले, लिहिणारं कुणी घरात नव्हतं. मग खिशातलं पेन काढून नाव यांनीच लिहिलं, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मला ते पडताळणीच्या वेळी कळलं.

२०१८ साली मुख्यालयातून एक साहेब पुस्तकांची पडताळणी करायला आले. त्यांच्या एका हातात आमची दाखल नोंदवही, दुसऱ्या हातात रानशेतचं पुस्तक. मागची पानं उलटता उलटता ते थबकले.

“इतक्या जुन्या ग्रंथात बॉलपेन? कोणी केलं हे?”

साहेबांनी एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा नोंदवहीकडे. दोन्हीकडे तेच गोल, टपोरं अक्षर.

“मीच लिहिलं,” हे म्हणाले. “मुलगी झाली होती, साहेब.”

साहेबांनी आधी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि मग सवयीने अभिनंदन केलं.

खुलासा ऐकल्यावर मात्र ते हसले नाहीत. आठ दिवसांत दानपत्रं घ्या, दाखल क्रमांक द्या, शिक्के मारा. जे दानपत्र देणार नाहीत त्यांचं पुस्तक कपाटातून बाहेर. आणि शिक्का बसलेलं दुर्मिळ पुस्तक इमारतीबाहेर न्यायचं नाही, त्यात एक टिंबही लिहायचं नाही. नियम म्हणून साहेबांचं काहीच चुकत नव्हतं.

अठरा घरांनी सह्या केल्या. उरलं रानशेत. तिथे कौलं गळत होती, भिंतीला वाळवी होती. पुस्तक परत गेलं तर किती पावसाळे काढेल, सांगता येत नव्हतं. आणि राहिलं तर त्या घरची पुढची मुलं त्यात यायची नाहीत. दोन दिवस ते काउंटरवर नुसते बसून होते. तिसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. म्हटलं, “काकींना वाचता येत नाही. सहीच्या जागी अंगठा घ्या. कशावर घेतला हे त्यांना कोण सांगणार आहे?”

“मी सांगेन ना!” ते ओरडले. पाच वर्षांत माझ्यावर चढलेला तो एकच आवाज. मला अजून त्या वाक्याची लाज वाटते.

मग शनिवारी मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून रानशेतला गेले. पुस्तक काकींसमोर ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. वाळवीचं सांगितलं, पावसाचं सांगितलं, नियमाचंही सांगितलं. काहीच लपवलं नाही.

“शिक्का मारला का मंग पुस्तक घरी नाय येणार?” काकींनी विचारलं.

“नाही येणार.”

“मंग पुढली पोरं कुठं लिवायची?”

काकींनी पुस्तक मांडीवर घेतलं. “तर घरीच ऱ्हाऊ दे. राग नाय ना आला, भाऊ?”

“तुमचंच आहे, काकी. राग कसला?”

परतीच्या वाटेवर एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. त्यांचा चहा तसाच निवला. “कपाटातलं सगळ्यांत चांगलं पुस्तक होतं, बेन,” एवढंच म्हणाले. मला त्यांचा रागही आला आणि मायाही वाटली, दोन्ही एकदमच.

पण गप्प बसणाऱ्यांतले ते नव्हते. परत देण्याआधी त्यांनी पुस्तकाची झेरॉक्स काढून ठेवली होती. तिला दाखल क्रमांक दिला आणि पानापानावर दाणदाण शिक्के मारले, सात जन्मांची हौस फेडून घेतली. पुढच्या पंधरवड्याला पत्र्याची पेटी आणि पिशवीभर वाळलेला कडुनिंबाचा पाला घेऊन पुन्हा रानशेतला निघाले.

“आता कसली मुदत वाढवायची?” मी विचारलं.

“ग्रंथालय त्यांचं आहे, वाचक मी आहे. वाचकाने ग्रंथालयात जायचं नाही का?”

ते जात राहिले. पेटी कणगीवर ठेवायला लावली, पाला दर महिन्याला बदलायला लावला, गळकं कौल स्वतः वर चढून सारखं केलं. घसरले, कोपर सोलून घेतलं आणि सोमवारी ते मला फुशारकीने दाखवलं.

२०१९च्या पावसाळ्यानंतर ते आजारी पडले आणि महिन्याच्या आत गेले. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. त्यांचा शनिवार आला तशी मी रिक्षा करून रानशेतला गेले. काकींना सांगितलं. त्या उठल्या, कणगीवरून पेटी काढली, पुस्तकाचं मागचं पान उघडून माझ्यासमोर धरलं.

“नाव लिव.”

“काकी, यात तर घरात जन्मलेल्यांचीच नावं आहेत.”

“मंग? लिव तू.”

मी पर्समधून पेन काढलं. नाव लिहिलं आणि थांबले. इतकी वर्षं एका टेबलाशी बसून त्यांचा जन्मदिवस मी कधी विचारला नव्हता. काकींना ते माझ्या तोंडावरून कळलं असावं.

“आमच्याकडं पयल्यांदा आला तो दिस लिव,” त्या म्हणाल्या. “होळीचा दुसरा दिस.”

मी तसंच लिहिलं. ओळ सरळ यावी म्हणून खाली पुस्तकातच ठेवलेल्या त्यांच्या वाचक-कार्डाची कड धरली आणि अक्षर जमेल तितकं गोल काढलं.