आईंच्या काखेतली बाटली

सासूबाईंनी चहाचा पहिला घोट घेतला आणि तोंड असं काही केलं, की समोर बसलेल्या त्यांच्या मुलाने आपला कप गुपचूप दूर सरकवला.

"मीठ," त्या म्हणाल्या.

सुनेने आदल्या दिवशी साखर आणि मीठ दोन अगदी एकसारख्या बरण्यांत भरलं होतं. तिचं म्हणणं, सारखी बरणी घेतली की कुठलंही झाकण कशालाही बसतं. सासूबाईंचं म्हणणं, झाकण बसतं, पण चहा बसत नाही.

"चिठ्ठी लावलीय ना, आई. बरणीच्या खाली."

"खाली? म्हणजे चमचाभर साखर घ्यायची तर आधी बरणीला उताणं पाडायचं?"

हे त्या उभ्याउभ्याच बोलल्या. सासूबाई बसत नसत. अडुसष्टावं वर्ष चालू होतं, पण चहा उभ्याने, जेवण अर्धं उभ्याने, आणि बाकीचं अर्धं 'कुणाला काही हवंय का' विचारत. घरातल्या प्रत्येक फोटोत त्या जराशा पुसट आलेल्या आहेत. एकाच फोटोत नाक-डोळे स्पष्ट दिसतात. त्यात त्यांच्या पायाला प्लास्टर आहे.

दुसरा चहा टाकायला त्या वळल्या आणि दारावर थाप पडली. घंटा असताना थाप मारणारा माणूस एकच, सुनेच्या प्रयोगशाळेतले मामा. तिथल्या काचसामानापासून कुलपांपर्यंत सगळं तेच सांभाळत. हेल्मेट डोक्यावर तसंच, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी.

"मॅडम, उबवणीची पेटी बंद पडली. पहाटेपासून गारढोण. शेजारच्या पेटीत बुरशी झालीय, तिथे ठेवलं तर संपलंच. हे घ्या, मी निघतो, खाली गाडी आडवी लावलीय."

टॉवेल सुनेच्या हातात आला आणि मामा जिन्यावरून दिसेनासे झाले.

टॉवेलमध्ये तळहाताएवढी चपटी बाटली होती, आत बोटभर गुलाबी पाणी. सुनेचा चेहरा मात्र घरात बाळ ठेवून कुणी पळून जावं तसा झाला.

"आठ महिने लागले या पेशी तयार करायला," ती नवऱ्याला म्हणाली. "आज तीन वाजता मोठ्या सूक्ष्मदर्शकावर माझी पाळी. ही चुकली तर पुढची पाच महिन्यांनी. आणि महिनाअखेर चित्रफीत पाठवली नाही तर शोधनिबंध परत येईल."

"मग? आहेत की पेशी," मुलगा म्हणाला.

"गार पडल्या की हातपाय आखडून गोळा होतात. मला त्या पसरलेल्या हव्यात. सदतीस अंश. एक कमी नाही, एक जास्त नाही."

गरम पाण्याच्या पिशवीवर विश्वास नाही. ओव्हनचं तर नाव काढायचं नाही, मागे एकदा तिने त्यात पेशी ठेवल्या होत्या आणि नवऱ्याने वर पाव भाजायला ठेवला होता. शेवटी सुनेने थर्मामीटर आणला आणि घरच्यांच्या काखा तपासायला घेतल्या. मुलगा छत्तीस पूर्णांक दोन. "हा पहिल्यापासूनच थंड," सासूबाई म्हणाल्या. नात सदतीसच्या जवळपास, पण ती सोफ्यावरून उड्या मारत होती. मग सासूबाई.

सुनेने आकडा दोनदा वाचला. "आई, सदतीस. काट्यावर काटा."

आयुष्यात पहिल्यांदाच सासूबाईंना कशात तरी पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. त्यांनी शाल झटकली. "दे इकडे. कुठे धरू?"

"काखेत, आडवी. आणि आई," सून जरा चाचरली, "बसून राहायचं. अजिबात हलायचं नाही. दोन वाजेपर्यंत."

घड्याळात आठ वाजले होते.

पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला दूध उतू गेलं, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत उतू जाताना बघण्याचा प्रसंग सासूबाईंवर जन्मात पहिल्यांदा आला. मुलगा फडकं शोधत होता. "डावीकडचा खण. डावीकडचा. अरे, तुझा डावा हात कुठला ते तरी आठवतंय का?" खुर्चीतून त्यांनी अंडी उकडून घेतली, कपडे वाळत घालायला लावले, वाळत घातलेले काढून नीट पुन्हा वाळत घालून घेतले. नातीची वेणी एका हाताने घातली. ती डाव्या कानावर सुरू होऊन मानेपाशी संपली. शिंक आली तेव्हा त्यांनी नाक दाबून ती अशी गिळली, की डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, पण या आत करतात तरी काय?" अकराच्या सुमाराला त्यांनी विचारलं.

सून हे सांगायला दहा वर्षं तयार होती. घरात विचारलंच कुणी नव्हतं. तिने पलंगावरची चादर ओढून आणली, नातीच्या डोक्यावरून टाकली आणि म्हणाली, "ही पेशी. चादर म्हणजे तिचं कातडं. आता आतून बोटं पुढे काढ गं." चादरीला पाच टेंगळं आली. "ही बोटं म्हणजे ॲक्टिनच्या काड्या. पुढच्या टोकाला वाढतात, मागच्या टोकाला सुटतात, आणि कातड्याला पुढे रेटतात. पेशी सरकते ती अशी. शिवाय एक प्रथिन असतं, केळ्यासारखं वाकडं. ते कातड्याला चिकटलं की कातडंही तसंच वाकतं. मी शोधतेय ते एवढंच. आधी केळं येऊन वाकवतं आणि मग काड्या रेटतात, की आधी काड्या रेटतात आणि मग केळं येतं."

"दहा वर्षं?"

"दहा."

"मला विचारायचंस. आधी केळं."

"कशावरून?"

"गादीला चादर घालताना आधी कोपरा दुमडतात, मग हात घालून रेटतात. उलटं करून बघ, सगळा चोळामोळा होतो." मग जरा थांबून, "तुझ्या नवऱ्यासारखा."

सून हसली, पण थर्मामीटर बघूनच. सदतीस.

एव्हाना सासूबाईंना त्या पेशींचा लळा लागला होता. त्या हळू आवाजात शालीशी बोलू लागल्या. "पसरा गं बायांनो, नीट पसरा. पाय आखडू नका." शेजारीण वाटीभर साखर मागायला आली, तिला त्यांनी बसल्याजागीच सांगितलं, "घे तिथून. आधी चाखून घे. मला उठता यायचं नाही, मी संशोधनात आहे."

दीड वाजता दारावर पुन्हा थाप पडली.

मामा. या वेळी हेल्मेट हातात होतं आणि चेहरा उतरलेला. "मॅडम, जेवायला बसलो तर छातीशी काहीतरी टोचलं." त्यांनी स्वेटरच्या आतल्या खिशातून दुसरी बाटली काढली. अगदी तशीच चपटी, अगदी तसंच गुलाबी पाणी. "पेशींना वारा लागू नये म्हणून मी त्या खिशात घातल्या होत्या. आणि टॉवेलमध्ये त्यांचं खाणं. घाईत टॉवेलच दिला."

सुनेने सासूबाईंच्या काखेतली बाटली उलटी केली. चिठ्ठी बुडाला होती. सात-क. क म्हणजे खाणं. पेशी आणि त्यांचं खाणं दोन्ही ती एकाच जातीच्या बाटल्यांत ठेवत असे, कारण कुठलंही झाकण कशालाही बसतं.

सासूबाईंनी साडेपाच तास साखरपाणी उबवलं होतं.

त्यांनी फक्त ओट्यावरच्या दोन बरण्यांकडे बघितलं, आणि सुनेने मान खाली घातली.

"मामा, तुम्ही सकाळपासून काय काय केलंत?" सुनेने बारीक आवाजात विचारलं.

"काय करणार? पेटी उघडली, ठोकली, वायूच्या दोन टाक्या तिसऱ्या मजल्यावर चढवल्या."

सुनेने डोळे मिटून घेतले. मग थर्मामीटर मामांच्या काखेत गेला. सदतीस.

"आता जागा बदलायला नको," ती म्हणाली. "मामा, तुमच्याकडेच राहू दे. आई, खाणंही गरमच लागेल. तुम्हीही चला."

टॅक्सीत मागे सासूबाई आणि मामा शेजारी शेजारी, दोघांचेही हात अंगाशी गच्च, लंगड्या बदकांसारखे. "आजी, सरकता का जरा?" मामा म्हणाले. सासूबाईंनी त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे बघितलं. "मला हलायची मनाई आहे. आणि आजी कुणाला म्हणता? तुमची मुंज मी पाहिलेली नाही."

अंधाऱ्या खोलीत, पडद्यावर, पेशी आल्या. सून श्वास रोखून उभी होती. एकही गोळा झाली नव्हती. चांगल्या ऐसपैस पसरलेल्या, हिरव्या काड्यांचं जाळं आत, आणि कडेला झालरीसारखी लाट सारखी उठत होती, मावळत होती. सासूबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

"एका जागी बसतच नाहीत की गं या," त्या म्हणाल्या, आणि त्यांना फार बरं वाटलं.

मग कडेला एक लाल ठिपका उमटला. केळं. कातडं तिथे किंचित वाकलं, आणि नंतर, मोजून सहा सेकंदांनी, हिरव्या काड्या तिथे धावल्या. दुसऱ्या पेशीत तसंच. तिसऱ्या पेशीतही. चौथीत काड्या आधी आल्या. ती चौथी हट्टी निघाली आणि पुढची दोन वर्षं सुनेला पुरली. पण चित्रफीत मिळाली होती. सुनेने आधी पडद्याकडे, मग सासूबाईंकडे बघितलं, आणि चादरीचा विषय कुणीच काढला नाही.

सूक्ष्मदर्शक चालवणारे गृहस्थ मागे वळले. "इतक्या तजेलदार पेशी इथे फार दिवसांत आल्या नव्हत्या. कोणी सांभाळल्या?"

मामांनी मान लववून नमस्कार केला. मुद्दाम सावकाश.

संध्याकाळी घरी सुनेने चहा केला, आधी स्वतः चाखला, आणि त्यांच्यापुढे ठेवला. नवल म्हणजे त्या खुर्चीत बसल्या. सवय लागली असावी.

"आई, चुकलं माझं. दोन्ही बाटल्या सारख्याच. आजच चिठ्ठ्या समोरून लावते. बरण्यांनाही."

"बरण्यांचं मी बघून घेईन," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला. "माझं एकच म्हणणं आहे."

"बोला ना."

"पुढच्या वेळी पेशी मला दे, आणि खाणं त्या मामांना."