बारा वाजायला पाच मिनिटं कमी

हुमलाल राना पहाटेपासून काठमांडूतल्या आपल्या अंगणात येरझारा घालत होता. आज दशैंचा, म्हणजे नेपाळी दसऱ्याचा टिळा; थोरांनी लहानांच्या कपाळी दही-तांदूळ लावायचे. मुहूर्त बाराला पाच कमी असेपर्यंत.

त्याची मुलगी जुनकिरी क्वालालंपूरला हातमोज्यांच्या कारखान्यात होती. चार वर्षं तिचा टिळा हुमलालने फोनच्या काचेला लावला होता. दही-तांदूळ ओघळायचे आणि तिचं तोंडच दिसेनासं व्हायचं. यंदा ती येत होती. साडेसातचं विमान, सव्वातीन हजार किलोमीटर, साडेचार तास. म्हणजे पोचायला बारा. मुहूर्ताच्या पाच मिनिटं पुढे!

जन्मभर कपाळाला पट्टा लावून डोंगरातून ओझी वाहिलेला हा माणूस. निघण्याच्या वेळेत वाटेचे तास मिळवायचे, हा त्याचा हिशेब कधी चुकला नव्हता.

"अहो, टेका की जरा," त्याची बायको मैतमाया म्हणाली. "तुम्ही चाललात म्हणून विमान पळणार आहे का?"

पावणेदहाला फोन वाजला.

"बा, उतरले!"

"कुठे उतरलीस? मधेच?"

"काठमांडूत! तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा सव्वादोन तास पुढे असतं, बा."

"चार दिवस जीव खाल्लात माझा!" मैतमायाने कपाळावर हात मारला.

हुमलाल हसला, पण पाय काही थांबेनात. अकरा वाजले. मग पुन्हा फोन. "बा, बाहेर येऊन उभी आहे. एक टॅक्सी नाही. सगळे ड्रायव्हर आपापल्या घरी टिळा घेताहेत."

"तिथेच थांब."

"कुठे निघालात?" मैतमाया ओरडली. "लहानांनी थोरांच्या दारी यायचं असतं. उलटी रीत कुठली ही?"

"ओझं कधी आपणहून दारात येतं का?" टिळ्याची थाळी फडक्यात बांधून तो निघालासुद्धा.

रस्ता ओस पडलेला. गुडघे कुरकुरत होते. सणाचे कपडे घातलेली माणसं गच्चीवरून वाकून बघत होती. म्हातारा मात्र थाळी छातीशी धरून, जुन्या चालीने, दम मोजत चालला होता.

बाराला दहा कमी असताना तो विमानतळाच्या फाटकाशी पोचला. जुनकिरी दोन बॅगांवर बसली होती. ती उठली आणि वाकली. त्याने तिच्या कपाळावर पांढरा टिळा थापला. दही ओघळून तिच्या भुवईवर आलं, पण तोंड दिसत होतं.

त्याच विमानाने आलेले बरेचजण ताटकळत होते. कुणाचं गाव आणखी दोन दिवसांच्या वाटेवर. एकाने बिचकत मान पुढे केली. मग दुसऱ्याने. बघता बघता रांग लागली. हुमलाल टिळे लावत राहिला.

शेवटी एक पन्नाशीचा गृहस्थ आला, मनगटाकडे बघून ओशाळला. "राहू द्या बा. मुहूर्त टळला."

"तुझं घड्याळ अजून तिकडचंच असेल," हुमलाल म्हणाला आणि थाळीतलं उरलंसुरलं बोटावर घेतलं. "वाक खाली."