खानदानी

उमरेडचं घर सोडलं त्या सकाळी मी अन् बायको सुमननं चादरीची घडी केली. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. "नीट धर, सोडू नको," ती म्हणे. मग कुलूप लावलं अन् बसनं नागपूरले आलो, जरीपटक्याले, पोरीकडे, वंदनाकडे. दोघांनी मिळून केलेलं साधं काम ते शेवटचं. पुढं नुसता दवाखाना.

सुमनले लिव्हरचा कॅन्सर निघाला. बाईनं जन्मात थेंब घेतला नाही. तुम्ही उमरेडवाले भेटाले आले, हळहळले, अन् जिन्यात कुजबुजले, "दारू नाही तर लिव्हर कसं गेलं?" मले ऐकू येते गा अजून. डॉक्टरवरही माझा भरोसा नव्हता. दुसऱ्याचा रिपोर्ट आमच्या माथी मारला असन, असंच वाटे.

सुमन गेल्यावर फाईल आणाले गेलो. वंदना सोबत होती. डॉक्टर म्हणाले, "काका, काही घरांत लिव्हरमध्ये चरबी साठायचा धोका रक्तातूनच येतो, दारू न पिताही, आणि त्यातून पुढे कॅन्सरही होऊ शकतो. काकूंच्या माहेरी कोणाला होतं का? हे खानदानी असू शकतं. असलं म्हणजे आजार होतोच असं नाही, पण वंदनाताईंना तपासून घ्या. उपाशी पोटी आणा."

खानदानी. आमचं लग्न जमवताना सोयरे हेच म्हणले होते, पोरगी खानदानी आहे. आता हा डॉक्टर तोच शब्द माझ्या पोरीले डाग लावाले वापरून राहिला. मी उठून आलो. वंदना म्हणे, "मले कुठं काय होते, बाबा." मीही म्हणलं, नको जाऊ.

पण सासू आठवली. पोट फुगून गेली होती, माहेरचे कावीळ सांगत. संध्याकाळी साळ्याले फोन लावला.

"खरं सांग, तुझ्या मायले काय होतं?"

तो म्हणे, "लिव्हरच होतं भाऊजी. लोकं म्हणले असते, बुढी पीत होती. म्हणून कावीळ सांगितली."

म्हणजे तुमच्यासारखे कुजबुजणार म्हणून त्यांनी लपवलं, अन् सुमनले कोणी तपासलंच नाही. डॉक्टरवर माझा अजून पुरता भरोसा नाही. पण चूप बसणाऱ्यांवर त्याहून कमी आहे.

उमरेडची किल्ली इथं खुंटीले टांगली आहे. त्या कुलपामागं आता कोणी नाही. ही पोरगी आहे तवरच मले घर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनानं चहा ठेवला. मी जाऊन गॅस बंद केला.

"काहून बाबा?"

"उपाशी जा लागते," म्हणलं अन् चप्पल घातली.