पिंपळाआडचा सिग्नल

भिलाईच्या आसपास जिथं केबल पोचत नाही, तिथं छपरावर पांढरी थाळी लावून इंटरनेट आणून द्यायचं, हे माझं काम. थाळीनं टॉवरकडे सरळ बघायला हवं. मधे काहीही आडवं येता कामा नये. भिंत तर नाहीच, झाडही नाही. ओल्या पानांपुढे या लहरी मान टाकतात. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण लोकांना वाटतं, हवेतून येतं म्हणजे कुठूनही येतं.

उतई गावाच्या कडेला माझी आत्या एकटी राहायची. तिचे यजमान स्टील प्लांटमधून रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत गेले. मुलगी मस्कतला नर्स. ती आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिनं बापाच्या राखेची मूठ खड्ड्यात घातली आणि अंगणात पिंपळ लावला. बुद्धाचं झाड, आणि बापाचंही. मग ती परत गेली. पुढं मायलेकींची भेट रोज संध्याकाळी माझ्या थाळीतूनच होऊ लागली.

पिंपळ मात्र हावरटासारखा वाढला. राइस मिलवरचा टॉवर आणि आत्याचं छप्पर, यांच्या बरोबर मधे. पानं भरली की पोरीचा चेहरा अर्ध्यात थिजायचा, आवाज तुटायचा. आत्या मोबाइल घेऊन चुलीपासून फाटकापर्यंत फिरायची, जणू लेक अंगणातच कुठं सांडली आहे.

उंच पाइप लावावा, तर छप्पर पत्र्याचं. पहिल्या वादळात पाइप पत्र्यासकट उडाला असता. पानांतून थोडंफार पार जाणारा दुसरा रेडिओ मिळतो, पण त्याला राइस मिलवरही तसंच यंत्र लागतं. मी आमच्या कंपनीच्या मालकाला गळ घातली. "एक घर के लिए?" म्हणून तो हसला. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

"किती कापा लागन?" एक दिवस आत्यानंच विचारलं.

"शेंडा फक्त. पण राहू दे न, आत्या. मी काहीतरी पाहून राहिलो."

"तू पाहूनच राहिला, बाबू. मले पोरीचं तोंड दिसत नाही."

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला, "ये," एवढंच. गेलो तर अंगणात उजेडच उजेड. पिंपळ बुंध्यापासून आडवा पडलेला.

तिनं झाडं तोडणाऱ्याला बोलावलं होतं. वरून काप, एवढं सांगितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं, कारण तिला ते बघवणार नव्हतं. आमच्याकडे पिंपळ काढायला माणूस बोलावतात तो भिंत फुटू नये म्हणूनच. त्यानं भिंतीकडे पाहिलं, मुळांकडे पाहिलं, आणि आपल्या समजुतीनं काम चोख केलं. कुऱ्हाडीचा आवाज थांबल्यावर आत्यानं दार उघडलं. त्या माणसाला तिनं चहा करून दिला.

मला फार वाईट वाटत होतं, आणि कुणावर चिडावं तेही कळत नव्हतं. मी उगाच छपरावर चढून थाळीचे नट आवळले. ते घट्टच होते. खाली आलो तोवर मस्कतचा फोन आला.

"आई! किती साफ दिसून राहिली तू आज!" पोर खूश होती. "बाबाचं झाड दाखव न."

आत्यानं मोबाइल छातीशी धरला, मग पुन्हा समोर केला. डोळे पुसायला ती विसरली.

"आई, रडून राहिली काय?"

"नाई वं, माय. नेट अटकून राहिलं. तुले काहीबाही दिसते." तिनं मोबाइल माझ्याकडे वळवला. "सांग न इले."

इतका स्वच्छ चेहरा त्या घरात मी कधी पाहिला नव्हता. पोरीच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसत होती.

"हो," मी म्हणालो, "लाइन खराब हाये आज."