अण्णांच्या वाट्यातला रस्ता

मोजणीदार आला आणि त्यानं अण्णांच्या रानात खुंट्या ठोकल्या. अण्णा माझे थोरले भाऊ. वाटण्या थोरल्यानं पाडायच्या आणि पहिली निवड धाकट्यानं करायची, ही आमच्याकडची रीत. मी विहिरीकडची काळी जमीन निवडली होती. त्यांना माळाचा मुरमाड तुकडा राहिला. इंग्रज सरकारचा निपाणीला जाणारा रस्ता नेमका त्यातून गेला.

चिकोडीच्या कचेरीत त्यांना भरपाई मिळाली. उरलेल्या पट्टीवर, रस्त्याला लागून, त्यांनी तंबाखूची वखार बांधली. मी शाळामास्तर, येता-जाता ती वखार दिसली की माझा जीव जळायचा. अण्णांना ते कळलं.

"लई तोंड पाडू नगंस रं. भरपाईतलं अर्धं घे."

"मला न्हाय पायजे. निवड माझीच होती."

"मग निवडल्यालं तरी सुखानं खा की."

दुसऱ्या दिवसापासून मी तो रस्ता सोडला. पावसाळ्यातही धोतर वर धरून, बांधाबांधानं, चिखल तुडवत शाळेला जायचो.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. त्यांना खांदा देताना त्या रस्त्यावर मी बारा वर्षांनी पाय ठेवला.

आता वखार पुतण्या सांभाळतो आणि मी रस्त्यानंच शाळेला जातो.